78 हजारांसाठी तीन किलोवॉट घेऊ नका, बाई

पत्र: मी गुहागर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. घरात मी आणि माझे यजमान, दोघंच. मुलगा डोंबिवलीला. घर जांभ्याचं, पुढून कौलारू, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीवर स्लॅब. एरवी महिन्याला 130 च्या आसपास युनिट जळतात. एप्रिलात 220, मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की 380, गणपतीच्या महिन्यात 280. गेल्या आठवड्यात सोलर लावणारा एक मुलगा वाडीत येऊन गेला. तीन किलोवॉटचे 2 लाख 10 हजार सांगतोय. 78 हजार सबसिडी आम्हीच कापून देऊ, बिल शून्य येईल, पण योजना संपत आल्याने 50 हजार बयाणा रविवारपर्यंत रोख द्या, असं त्याचं म्हणणं. यजमान म्हणतात, पावसात चार-चार दिवस लाईट नसते, तो त्रास तरी जाईल. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते 2009 साली वारले. सोलर घ्यावं का? सबसिडीत पाण्याचा हीटरही मिळतो का?

बाई, नमस्कार.

सोलर घ्या. फक्त रविवारी घेऊ नका आणि तीन किलोवॉटचं घेऊ नका. बयाणा रोख तर मुळीच देऊ नका.

आधी त्या 78 हजारांचं बोलू. आकडा खरा आहे. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार मिळतात. त्यापुढे पाच किलोवॉट लावा नाहीतर दहा, 78 हजारांवर एक रुपया मिळत नाही. हे अनुदान ठरवताना सरकारने पहिल्या दोन किलोवॉटचा खर्च प्रत्येकी 50 हजार आणि तिसऱ्याचा 45 हजार धरला होता. म्हणजे पहिल्या दोघांचा 60 टक्के भार सरकार उचलतं, तिसऱ्याचा 40 टक्केच. तुमच्याकडे आलेल्या मुलाचा भाव किलोवॉटला 70 हजार पडतो. त्याच्या हिशेबाने तिसऱ्या किलोवॉटसाठी तुमच्या खिशातून 52 हजार जाणार. ते कशासाठी जाणार, हे त्याने सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

तुमच्या बिलांवरून मी एक ढोबळ हिशेब मांडला. वर्षाचे साधारण 2,050 युनिट होतात. आपल्या किनाऱ्यावर एक किलोवॉट पॅनेल एप्रिल-मे महिन्यांत 130 च्या आसपास, ऐन पावसात 60 ते 75 आणि ऑक्टोबर ते मार्च 115 युनिट दर महिन्याला देतं असं धरा. देशावरचे लोक वर्षभर सरसकट 120 धरतात. जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही, तिथे तो हिशेब चालत नाही.

नेट मीटरची रीत अशी: दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, तिचे युनिट तुमच्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या महिन्यांच्या वापरातून वजा होतात. 31 मार्चला मात्र हे खातं बंद होऊन नव्याने सुरू होतं. उरलेल्या युनिटांचे पैसे राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. कोकणातल्या घराला हा नियम आडवा येतो तो इथेच. हिवाळ्यात घरात माणसं दोन, ऊन कडक, युनिट साठत जातात. ते 31 मार्चला मोडीत निघतात आणि लगेच एप्रिल-मे महिन्यांत चाकरमानी बॅगा घेऊन दारात उभे. नातवंडं आल्यावर रात्रंदिवस फिरणारे पंखे फेब्रुवारीच्या उन्हावर चालत नाहीत.

आता बघा. दोन किलोवॉट लावले तर वर्षभरात मे महिन्यातले 80 आणि गणपतीतले 100 असे जेमतेम 180 युनिट तुम्हाला विकत घ्यावे लागतील. त्याशिवाय मार्चअखेर 600 च्या आसपास युनिट उरतील. तीन किलोवॉट लावले तर ते 180 ही वाचतील, पण मार्चअखेर 1,600 हून जास्त युनिट कमी भावात जातील. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटची तुमच्या घरातली कामगिरी वर्षाला 180 युनिट. युनिटला दहा रुपये धरले, तुम्हाला एवढा दर सरासरीने पडतही नाही, तरी 1,800 रुपये. त्यासाठी 52 हजार. एकच किलोवॉट लावला तर उलट टोक होतं: वर्षाला आठशेच्या वर युनिट विकत घ्यावे लागतील. दुसरा किलोवॉट त्यातले सहाशेच्या वर वाचवतो आणि त्याला 30 हजार अनुदानही आहे. म्हणून दोन. 60 हजार अनुदान घ्या आणि तिसऱ्याचे 18 हजार सरकारकडेच राहू द्या.

एक अपवाद. मुलगा दोन-तीन वर्षांत कायमचा गावी येणार असेल, एसी लावायचा असेल, तर हे सगळं गणित बदलतं. तसं असेल तर पुन्हा लिहा. तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. हिवाळ्यात उरणारे युनिट कमी भावात जाऊ देण्याऐवजी ऑक्टोबरपासून चहा, भात, दूध इंडक्शनवर करा, सिलिंडर लांबेल.

बिल शून्य येईल हे त्याचं वाक्यही अर्धंच खरं. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार दर महिन्याला लागतोच. योजनेच्या नावात मोफत आहे म्हणून तो सुटत नाही.

आता यजमानांच्या आशेवर पाणी ओतावं लागणार आहे. तुम्हाला जे सोलर दाखवलं जातंय ते ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं आहे. महावितरणची लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद पडतो, डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. तो तसाच बनवलेला असतो. नाहीतर पडलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून आलेली वीज लागेल. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची गावं कितीतरी दिवस अंधारात होती. अशा वेळी छपरावरचं ऑन-ग्रिड सोलर नुसतं शोभेला.

त्यावर उपाय हायब्रिड, म्हणजे लाईनबरोबर बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर, आणि बॅटरी. हायब्रिड सोलर योजनेत बसतं, पण अनुदान पॅनेलच्या क्षमतेवरच मिळतं. बॅटरीचा खर्च सगळा आपला, आणि तो थोडाथोडका नसतो. दोन माणसांच्या घराला मी तो सुचवणार नाही. त्यापेक्षा साधा घरगुती इन्व्हर्टर आणि 150 एएचची एक बॅटरी वेगळी ठेवा. जुने पंखे 70-75 वॉट खातात. दोन खोल्यांत कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावा, ते 30 वॉटच्या आसपास घेतात. असे दोन पंखे आणि चार-पाच एलईडी दिवे, म्हणजे एक रात्र आरामात निघते. मधे दोन तास जरी लाईट आली तरी बॅटरी थोडीफार भरते. चार दिवस सलग काळोख असेल तर यातलं काहीच पुरणार नाही. विहिरीचा पंप त्या इन्व्हर्टरवर चालवायचा मोह धरू नका. आभाळ भरून आलं की टाकी भरून ठेवायची, हे तुम्हाला मी काय सांगणार.

थोडक्यात, बिल कमी करणं ही एक खरेदी आणि लाईट गेल्यावर उजेड ही दुसरी. विक्रेता दोन्ही एकाच वाक्यात बोलतो, तेव्हा त्याला तिथेच थांबवा.

मीटरकडे वळू. अनुदान वीजग्राहकाच्या नावाने मंजूर होतं आणि त्याच्याच बँक खात्यात थेट जमा होतं. तुमचा ग्राहक 2009 साली वारलेला आहे. त्यामुळे बाकी सगळं जागेवर असलं तरी अर्ज इथे अडकेल. ‘आम्ही करून घेतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुमच्याकडून सह्या घेऊन पुढे काय करतो ते तुम्हाला कळणार नाही. नाव बदलाचं काम स्वतः करा: महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात किंवा ऑनलाईन अर्ज, सासऱ्यांचा मृत्यू दाखला, यजमान वारस असल्याचा कागद, घरपट्टीचा उतारा आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर अजून कुणाची नावं आहेत तेही आत्ताच बघून ठेवा. कोकणातलं घर एकाच्या राहण्यात आणि पाच जणांच्या नावावर असतं, हे काही नवीन नाही.

ना-हरकत पत्राच्या बाबतीत एक अनुभवाचा सल्ला: मुंबईच्या दिरांना फोनवर ‘छपरावर सोलर लावतोय’ एवढंच सांगाल तर त्यांना वाटेल घराचा हिस्सा चालला. कागदाचा मसुदा आधी पाठवा. त्यात स्पष्ट लिहा की हे मीटरच्या नावापुरतं आणि स्लॅबवर पॅनेल बसवण्यापुरतं आहे, घरातल्या कुणाच्या हक्काला त्याने बाध येत नाही. ज्यांची सही कुरियरने येणार नाही ते गणपतीला येतीलच. आरतीनंतर, जेवणाची पानं मांडण्याआधी सह्या होतात. जेवणानंतर मंडळी पत्ते काढून बसतात, मग कुणी हाताला लागत नाही.

योजना संपत आल्याची घाई त्याने घातली, त्यात तथ्य एवढंच की तिची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. रविवारपर्यंत नाही. अनुदान सोलर बसवून, नेट मीटर लागून, महावितरणची तपासणी झाल्यावर मिळतं. म्हणून मार्चच्या तोंडावर जायचं नाही. नाव बदल आत्ता सुरू करा, पाऊस ओसरला की काम धरा, दिवाळीच्या मागेपुढे मीटर चालू. नाहीतरी शेवाळलेल्या ओल्या स्लॅबवर पावसाळ्यात माणसं चढवून काम करून घेण्यात शहाणपणा नाही.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. विक्रेता त्या पोर्टलवरच्या यादीतला हवा आणि तुम्ही स्वतः निवडलेला. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक पडताळणीची अट 2024 च्या नियमांनी काढली आहे. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर झालेले किलोवॉट, कमी असेल तर तो वाढवणं हे महावितरणचं काम आहे. जुन्या घरांचा भार बहुधा कमीच असतो, त्यावरून कुणी तुमच्याकडे वेगळे पैसे मागितले तर कार्यालयात जाऊन विचारा. ‘सबसिडी आम्ही कापून देऊ’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पैसे यायचे तुमच्याच खात्यात. तो कापून देतोय म्हणजे नंतर तुमच्याकडून ते घेणार, किंवा भाव आधीच तेवढा चढवलेला. पूर्ण रकमेचं बिल घ्या आणि पैसे टप्प्याटप्प्याने चेकने किंवा खात्यातून द्या: थोडे करारावर, मोठा भाग सामान स्लॅबवर आल्यावर, शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावर. ओटीपी कुणालाच सांगू नका. हात आखडत असेल तर तीन किलोवॉटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका या योजनेखाली तारण न घेता कर्ज देतात, त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराहून अर्धा टक्का वर असतो. पेन्शन ज्या बँकेत येते तिथेच विचारा.

त्याच्या कोटेशनवर दोन गोष्टी लिहून घ्या. एक, पॅनेल डीसीआर आहेत, म्हणजे सेलसकट देशात बनलेली. ती महाग असतात आणि अनुदान त्यांनाच मिळतं. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथेच स्वस्त झालेलं असतं. दुसरं, पाच वर्षांची देखभाल. ती योजनेतच आहे, वेगळे पैसे मोजायचे नाहीत. सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावर जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेवढंही कोटेशनमध्ये बघा. सरकारने धरलेल्या भावात आपल्याकडे काम होईलच असं नाही. घाटाखाली सामान आणायचं, खाऱ्या हवेला टिकेल असं बांधायचं, याचा खर्च वर येतो. पण किलोवॉटला 70 हजार मागणाऱ्याने तो खर्च कुठे केला ते दाखवावं.

तो दिसतो सांगाड्यात. आपल्याकडे पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, सांगाडा आधी जातो. लोखंडी चौकट हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली हवी, नुसता चंदेरी रंग मारलेली नको. नखाने किंवा चावीने खरवडून बघा, रंग असेल तर पापुद्रा निघतो. नट-बोल्ट आणि वॉशर स्टेनलेसचे. कंत्राटदार चौकट चांगली देतात आणि बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले वापरतात. समुद्रापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर दुसऱ्या पावसाळ्यात त्या बोल्टांखालून तांबडे ओघळ स्लॅबवर उतरतात. बोल्ट गंजला की पाना बसत नाही आणि मग एक पॅनेल काढायला सगळी चौकट कापावी लागते. पॅनेलला सॉल्ट मिस्टची, म्हणजे खाऱ्या हवेत टिकण्याची, चाचणी झाल्याचा कागद मागा, त्या चाचणीचा क्रमांक आयईसी 61701.

उंच सांगाड्याचा मोह टाळा. खाली सावलीत वाळवणं घालता येतात म्हणून माणसं आठ-आठ फुटांवर पॅनेल चढवतात आणि वाऱ्याला शीड उभारून देतात. मे 2021 चं तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं तरी किती छपरं उडाली ते तुम्ही पाहिलं आहे. स्लॅबपासून बेताची उंची, कमी उतार, पाय स्लॅबमध्ये नीट बसवून वर काँक्रीटचे ठोकळे, आणि तिथे वॉटरप्रूफिंग. दोन किलोवॉटला साधारण 200 चौरस फूट मोकळी जागा लागते, तेवढी मागच्या स्लॅबवर आहे का आधी मोजा. कौलांवर लावू म्हणेल तर नको म्हणा. जुन्या वाशांवर तो भार नको, आणि कौल बदलायला दरवर्षी वर चढावं लागतं ते वेगळंच.

माड कुठे आहेत? पत्रात नाही, पण गुहागरात घरामागे माड नाहीत असं होणार नाही. सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला स्लॅबवर जाऊन सावली कुठे पडते ते खडूने आखा. पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात, एकावर झावळीची सावली आली की सगळ्या ओळीची वीज घटते. नारळ पडला तर काच जाते आणि त्याला वॉरंटी नाही. वानरांचा त्रास असेल तर वायरी उघड्यावर लोंबकळत ठेवू नका, पाइपमधूनच न्या.

अर्थिंग जांभ्यात नीट लागत नाही. साध्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पहिल्या वर्षी ठीक चालतं, पुढच्या उन्हाळ्यात कातळ सुकला की अर्थिंग नावापुरतं उरतं. केमिकल अर्थिंगचे वेगवेगळे तीन खड्डे मागा: पॅनेलच्या बाजूचा, घरच्या लाईनचा आणि वीजरोधकाचा. तो काम करून जाण्याआधी मीटर लावून रीडिंग दाखवायला सांगा आणि ते बिलावर लिहून घ्या. आपल्याकडे ऑक्टोबरातल्या विजा पावसाळ्यातल्यापेक्षा वाईट, इन्व्हर्टर त्यातच जळतात.

हीटरचं उत्तर छोटं आहे. सोलर हीटरला या योजनेत अनुदान नाही. केंद्राची जुनी सबसिडी केव्हाच बंद झाली. घरी नारळाची सोडणं (साली) आणि चुडतं (वाळक्या झावळ्या) पडून असतील तर न्हाणीतला चुलवण काही वाईट नाही, धूर मात्र बाहेर जाईल असं धुराडं करून घ्या. गोठा असेल तर बायोगॅसला वेगळं अनुदान आहे का ते पंचायत समितीत विचारा. डोंबिवलीच्या मुलालाही एक सांगा: सोसायटीच्या जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट यांच्यासाठीच्या सोलरला याच योजनेत किलोवॉटला 18 हजार आहेत. त्यांच्या समितीला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल.

आणि वाडीत ज्यांचा वापर महिना 100 युनिटांच्या आत आहे, त्यांना त्या मुलाच्या तावडीतून आधी सोडवा. राज्य सरकारने 2025 मध्ये अशा घरांसाठी स्मार्ट नावाची वेगळी योजना आणली आहे. एक किलोवॉटला केंद्राच्या 30 हजारांवर दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे 17,500 मिळतात, म्हणजे 50 हजारांच्या सोलरला घरचे अडीच हजार. शंभरच्या आतल्या इतर घरांना राज्याचे 10 हजार, अनुसूचित जाती-जमातींना 15 हजार. तुम्ही 130 वर आहात, तुम्हाला ती लागू नाही. पण तुम्ही शाळेत शिकवलेली निम्मी वाडी तिच्यात बसत असेल. महावितरणच्या कार्यालयात नाव बदलाला जाल, तेव्हा त्यांचीही बिलं पिशवीत घेऊन जा.